५०-२०० चा क्रॉसओव्हर साध्या स्प्रेडशीटमध्ये पकडायचा कसा?

अंकगणिती

परवा दुसऱ्या धाग्यावर सहज लिहून गेलो की मूव्हिंग ॲव्हरेजचा (शेअरच्या शेवटच्या ५० किंवा २०० दिवसांच्या भावांची रोज पुढे सरकणारी सरासरी) क्रॉसओव्हर, म्हणजे दोन सरासऱ्या एकमेकींना छेदतात तो दिवस, शोधायला महागडं चार्टिंग सॉफ्टवेअर लागत नाही, स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात काम होतं. तिघाचौघांनी "दाखवा मग" म्हटलं. तर घ्या.

लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स, दोन्हीपैकी काहीही चालेल. ए रकान्यात तारीख, बी रकान्यात बंद भाव. पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसऱ्या ओळीपासून आकडे. सगळ्यात जुनी तारीख वर, आजची तळाला. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा, मी तिथेच तोंडावर आपटलो होतो.

सी५१ मध्ये: =ॲव्हरेज(बी२:बी५१)
डी२०१ मध्ये: =ॲव्हरेज(बी२:बी२०१)
ई२०२ मध्ये: =इफ(अँड(सी२०१<=डी२०१, सी२०२>डी२०२), "वर", इफ(अँड(सी२०१>=डी२०१, सी२०२<डी२०२), "खाली", ""))

(अक्षरं आणि आकडे अर्थातच रोमनमध्ये टंकायचे.) तिन्ही फॉर्म्युले तळापर्यंत ओढा. ई रकान्यात जिथे "वर" दिसेल तिथे ५० ची सरासरी २०० च्या सरासरीला खालून छेदून वर गेली, म्हणजे ज्याला गोल्डन क्रॉस म्हणतात तो. "खाली" म्हणजे डेथ क्रॉस. नावं भयंकर आहेत, आत भागाकारापलीकडे काही नाही.

ई मध्ये कालची ओळ कशाला, असा प्रश्न येतोच. नुसतं "सी मोठं का डी मोठं" विचारलंत तर चढत्या शेअरमध्ये शंभर-दीडशे दिवस रोज "वर, वर, वर" छापून येईल. ती स्थिती झाली. आपल्याला ती बदलली तो दिवस हवाय, म्हणून काल एक आणि आज दुसरं असं विचारावं लागतं.

५० आणि २०० हाताने करून बघणं शक्य नाही, म्हणून ३ आणि ५ दिवसांचं छोटं उदाहरण. आठ दिवसांचे बंद भाव असे समजा: ११०, १०६, १०४, १००, ९८, ९९, १०३, १०८.

पाचवा दिवस: ३ ची सरासरी १००.६७, ५ ची १०३.६०
सहावा: ९९.००, १०१.४०
सातवा: १००.००, १००.८०
आठवा: १०३.३३, १०१.६०

सातव्या दिवशी छोटी सरासरी खाली होती, आठव्या दिवशी वर गेली. "वर" आठव्या ओळीत छापला जाणार. भावाचा तळ पाचव्या दिवशी ९८ ला होता हेही नजरेत ठेवा. आपल्याला बातमी लागेपर्यंत भाव १०८ वर.

आता आपटलो कसा ते. पहिल्यांदा केलं तेव्हा उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये ताजी तारीख सगळ्यात वर होती. मी तसंच चिकटवलं, फॉर्म्युले ओढले आणि निकाल बघून हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. प्रत्येक मोठ्या तेजीच्या आधी सिग्नल, प्रत्येक पडझडीच्या आधी सिग्नल. दोन दिवस मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की उलट्या क्रमामुळे प्रत्येक ओळीची सरासरी पुढच्या ४९ दिवसांचे भाव धरून निघत होती. भविष्य माहीत असलं की कुणीही हुशार असतो.

सापशिडी

वाचनखूण साठवली. राजीनाम्याचा मसुदा जपून ठेवा, कुणाच्या तरी कामी येईल.

पायरीवरचा

अंकगणिती सर, खूप सोपं करून सांगितलंत, आभार. दोन बाळबोध शंका. ५० आणि २०० च का? आणि रोज हाताने भाव भरायचे का?

अंकगणिती

सर वगैरे नको हो.

गूगल शीट्समध्ये भाव आपोआप येतात. ए१ मध्ये =गूगलफायनान्स("चिन्ह", "क्लोज", टुडे()-४००, टुडे(), "डेली") लिहा, तारीख आणि बंद भाव असे दोन रकाने शीर्षकासकट भरले जातील, आणि जुनी तारीखच वर येते. ४०० कशाला? कारण टुडे() वजा २०० म्हणजे कॅलेंडरचे दोनशे दिवस. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या गेल्यावर त्यातून १४० च्या आसपास भाव हाती लागतात, त्यातून २०० ची सरासरी निघायची कुठून? आणखी एक बारीक खोच: त्या तारखेला वेळही चिकटलेली असते. दुसऱ्या तक्त्यातली नुसती तारीख तिच्याशी जुळवायला गेलात तर जुळत नाही. इंट() लावून वेळ छाटा.

५०-२०० चं उत्तर जाणत्यांनी द्यावं.

जुनाजाणता

जाणता नाही, नुसता जुना. ५० म्हणजे साधारण अडीच महिन्यांचे व्यवहाराचे दिवस, २०० म्हणजे नऊ-साडेनऊ महिन्यांचे. गोल आकडे आहेत, लोक त्यांच्याकडे बघतात म्हणून आणखी लोक बघतात. यात निसर्गनियम वगैरे काही नाही. रिचर्ड डॉन्चियन हे या पद्धतीच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक, त्यांची प्रसिद्ध जोडी ५ आणि २० दिवसांची होती.

धागा चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. २०० दिवसांच्या सरासरीतल्या भावांचं सरासरी वय ९९.५ दिवस असतं. म्हणजे ती रेषा तुम्हाला साधारण शंभर दिवसांपूर्वीचा बाजार दाखवते. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचं २०२० सालचं उदाहरण घ्या. तळ २३ मार्चला झाला. डेथ क्रॉस कधी? ३० मार्चला! पडझड संपून आठवडा झाल्यावर. गोल्डन क्रॉस यायला जुलै उजाडला. त्या सिग्नलवर विकून त्या सिग्नलवर परत घेणाऱ्याने मधली सगळी उसळी काठावर बसून बघितली.

उलट बाजूही सांगायला हवी. त्याच निर्देशांकाचा डेथ क्रॉस डिसेंबर २००७ मध्ये झाला होता आणि पुढचा गोल्डन क्रॉस जून २००९ मध्ये. मधे ९ मार्च २००९ चा तळ. जो बाहेर राहिला तो फार मोठ्या घसरणीतून वाचला. पडझड रेंगाळली तर ही पद्धत कामाला येते, झटक्यात आटोपली तर हसं होतं. आणि बाजार आडवा चालला तर दोन्ही रेषा एकमेकींत गुंततात, आज "वर", पंधरा दिवसांनी "खाली", पुन्हा "वर". प्रत्येक वेळी थोडं थोडं कापलं जातं. व्हिपसॉ म्हणतात त्याला. मी दोन वर्षं हा मार खाल्लाय, म्हणून बोलतोय.

मधलीओळ

ऑफिसात दिवसभर शीटच करते, त्यामुळे राहवलं नाही. अंकगणिती, तुमच्या छोट्या तक्त्यात आठव्या दिवशी १०८ च्या जागी ९६ टाकून बघा.

अंकगणिती

टाकलं. ३ ची सरासरी ९९.३३, ५ ची ९९.२०. अरेच्चा. तरीही "वर"!

सापशिडी

भाव १०३ वरून ९६ ला कोसळला आणि शीट म्हणतंय घ्या. हे तर माझ्या मेव्हण्यासारखं झालं.

मधलीओळ

तेच दाखवायचं होतं. सरासरीत धरलेले शेवटचे भाव म्हणजे एक खिडकी समजा. रोज खिडकीत एक नवा भाव आत येतो तसा एक जुना बाहेर जातो. सरासरीत होणारा बदल म्हणजे (आत आलेला वजा बाहेर गेलेला) भागिले दिवस. आठव्या दिवशी छोट्या खिडकीतून ९८ बाहेर गेला, तळाचा भाव. मोठ्या खिडकीतून १०४ गेला, वरचा भाव. छोटीचं ओझं उतरलं, मोठीचा टेकू निघाला. छेद होणार हे सातव्या दिवशी संध्याकाळीच जवळपास ठरलेलं होतं, आठव्या दिवशीच्या भावाला त्यात फारसं काही करायचं उरलं नव्हतं.

मग उद्या किती भाव आला तर छेद होईल, हे आजच काढता येतं. ५०-२०० साठी गणित छान सुटतं. शेवटच्या ४९ भावांची बेरीज 'क्ष', शेवटच्या १९९ भावांची बेरीज 'य', उद्याचा भाव 'भ'. छेदाच्या क्षणी (क्ष + भ)/५० = (य + भ)/२००. म्हणजे ४क्ष + ४भ = य + भ. म्हणजे

भ = (य − ४क्ष) / ३

उद्याचा भाव याच्या वर गेला तर छोटी सरासरी वर, खाली राहिला तर खाली. तुमच्या ३-५ च्या तक्त्याला हेच सूत्र (३य − ५क्ष)/२ होतं. आठव्या दिवसासाठी य = ४००, क्ष = २०२, उत्तर ९५. म्हणून ९६ लाही "वर" आला.

मी माझ्या शीटमध्ये हा 'उंबरठा' नावाचा रकाना ठेवलाय. ज्या शेअरचा उंबरठा आजच्या भावाच्या फार खाली आहे, त्याचा उद्याचा गोल्डन क्रॉस ही बातमी नाही, नुसती जुन्या भावांची गळती आहे. ज्याचा उंबरठा आजच्या भावापेक्षा थोडा वर आहे तिथे मात्र आजच्या लोकांनी खरोखर काहीतरी करावं लागतं. मी दुसऱ्या प्रकारचेच बघते.

जुनाजाणता

मधलीओळ ताई, इतकी वर्षं चार्ट बघून हे ध्यानात आलं नव्हतं. सलाम.

कोडग्या

मस्त. माझी भर.

एका शेअरसाठी शीट ठीक, पण दोनशे शेअर चाळायचे तर शीट धापा टाकतं. गूगलफायनान्सचे शेदोनशे फॉर्म्युले एका पानात घातले की अर्ध्या चौकटीत 'लोडिंग' बसून राहतं. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत हेच काम चार ओळींचं: रोलिंग(५०) ची मीन, रोलिंग(२००) ची मीन, दोघींची तुलना, आणि शिफ्ट(१) घेऊन कालच्या तुलनेशी ताडणे. ॲमीब्रोकर हे चार्टिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर एकच ओळ, क्रॉस(एमए(सी, ५०), एमए(सी, २००)), कारण तिथलं क्रॉस फंक्शन काल-आजची तुलना आतच करतं.

ताईंच्या गळतीवर उतारा हवा असेल तर एक्स्पोनेन्शियल सरासरी. तिच्यात जुना भाव एकदम बाहेर पडत नाही, हळूहळू विरतो. आजची सरासरी = कालची + अ × (आजचा भाव − कालची सरासरी), जिथे अ = २/(दिवस + १). ५० साठी ०.०३९२, २०० साठी ०.००९९५. शीटमध्ये एकच फॉर्म्युला, ओढत न्या.

पण सुरुवात कुठून करायची यात गोम आहे. पहिली सरासरी म्हणून पहिला भाव धरलात तर २०० दिवसांनंतरही त्या एकट्या भावाचं वजन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास उरतं. सहाशे दिवसांनी ते पाव टक्क्यावर येतं. म्हणून "माझा आकडा आणि वेबसाइटचा आकडा जुळत नाही" ही तक्रार एक्स्पोनेन्शियलच्या बाबतीत नेहमीची. मागे भरपूर भाव घ्या, जुळेल.

सापशिडी

कोडग्या लेका, तू हे सगळं करून कमावलंस किती ते सांग.

कोडग्या

कोड चांगला चालतो.

जुनाजाणता

त्याच विषयावर येतो. १९९२ मध्ये ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लबॅरॉन या तिघांनी अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचे १८९७ ते १९८६ चे भाव घेऊन सरासरीचे साधे नियम तपासले होते. खरेदीच्या सिग्नलनंतरचा परतावा विक्रीच्या सिग्नलनंतरच्या परताव्यापेक्षा स्पष्ट जास्त निघाला. सगळे चार्टवाले खूश. मग १९९९ मध्ये सुलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी हजारो नियम एकदम तपासले, इतक्या नियमांतून एखादा नशिबानेच चांगला दिसणार याचा हिशेब धरला, आणि सर्वोत्तम ठरलेला नियम १९८७ ते १९९६ या नव्या दहा वर्षांवर लावून बघितला. जुना चमत्कार तिथे दिसला नाही.

म्हणून शीटमध्ये ५०-२०० च्या जागी ४७-१८३ घालून "हे जास्त चालतं" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. ते ज्या भावांवर जुळवलंय त्याच भावांवर चालतं.

आणि बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर नियम चालवून बघताना) "वर" आला त्याच दिवशीच्या बंद भावाला घेतलं असं धरू नका. सिग्नल बंद भावावरून निघतो, तो कळेपर्यंत बाजार बंद झालेला असतो. दुसऱ्या दिवशीचा उघडता भाव धरा. खर्च, दलाली, कर हे वेगळं वजा करा, तेव्हा चित्र बरंच बदलतं.

पायरीवरचा

मी लिब्रेऑफिसमध्ये केलं. क्रम तपासला, जुनी तारीख वरच आहे. एका शेअरमध्ये आज "वर" आला! ५० ची सरासरी ९०५.२, २०० ची ९००.४. पण चार्टच्या साइटवर बघतो तर ५० ची तीच, ९०५.२, आणि २०० ची ९१४.२ दाखवतंय. म्हणजे तिथे क्रॉस झालेलाच नाही. चूक कुणाची?

अंकगणिती

५० ची जुळतेय म्हणजे अलीकडचे भाव बरोबर आहेत. गडबड जुन्या भावांत. पहिला संशय शेअरच्या विभाजनाचा. मधे कधी एकाचे पाच वगैरे झालेत का? जुने भाव त्या हिशेबाने पाचाने भागलेले नसतील तर भाव एका रात्रीत ऐंशी टक्के पडल्यासारखा दिसतो आणि खोटा डेथ क्रॉस येतो.

कोडग्या

विभाजन नाही वाटत. न भागलेले जुने भाव असते तर याची सरासरी साइटपेक्षा कितीतरी जास्त आली असती. इथे कमी आहे, आणि तीही चौदाच्या आसपास.

पायरीवरचा

विभाजन नाही झालेलं. बोनसही नाही.

मधलीओळ

एका रिकाम्या चौकटीत =काउंट(...) लिहा आणि आत ज्या २०० ओळींची सरासरी घेताय तोच पट्टा द्या. उत्तर २०० यायला हवं.

पायरीवरचा

१७७!! पण रिकामी चौकट एकही नाही, सगळीकडे आकडे दिसतायत.

मधलीओळ

दिसतायत, पण ते आकडे नाहीत. ॲव्हरेज मजकुराला मुकाट्याने वगळतं, चूक वगैरे दाखवत नाही. बी रकान्यात डावीकडे चिकटलेले आकडे शोधा, खरे आकडे उजवीकडे असतात. आणि मला सांगा, ते २३ भाव हजाराच्या वरचे आहेत का?

पायरीवरचा

हो!! तुम्हाला कसं कळलं? सगळे तळातले... म्हणजे शीटमध्ये वरचे, सगळ्यात जुने २३ दिवस. तेव्हा भाव हजाराच्या वर होता, नंतर पडला.

मधलीओळ

हजाराच्या वर गेलं की फाइलमध्ये आकड्यात स्वल्पविराम येतो. अशा फाइलमध्ये रकानेही स्वल्पविरामानेच वेगळे केलेले असतात, म्हणून घोळ टाळायला तो आकडा अवतरणचिन्हांत ठेवला जातो. आणि कॅल्कमध्ये फाइल उघडताना जी खिडकी येते तिच्यात 'फॉरमॅट कोटेड फील्ड ॲज टेक्स्ट' ही चौकट टिक असेल तर अवतरणातलं सगळं मजकूर होऊन बसतं. ती टिक काढा, फाइल पुन्हा उघडा.

गंमत अशी की रँडम २३ भाव गळले असते तर सरासरी फारशी हलली नसती. इथे नेमके सगळ्यात मोठे २३ गळले. म्हणून २०० ची सरासरी खाली बसली आणि ५० ची तिच्यावर चढल्यासारखी दिसली.

अंकगणिती

हे वरच्या लेखात असायला हवं होतं. आता संपादन करता येत नाही, म्हणून इथेच लिहितो: एफ रकान्यात =काउंट(बी२:बी२०१), आणि ते २०० नसेल तर ई मध्ये काही छापायचंच नाही.

पायरीवरचा

टिक काढून पुन्हा उघडली. काउंट २००, सरासरी ९१४.२, साइटशी जुळली. "वर" गायब. घेणार होतो मी उद्या सकाळी...

ताईंचा उंबरठाही काढला. उद्या बाहेर जाणारे भाव ५० मधून ८८० आणि २०० मधून १०१२. उत्तर आलं १४३६. आजचा भाव ९३१. बरोबर आहे ना?

मधलीओळ

बरोबर. उद्या काही होत नाही. पण पुढचे काही दिवस छोट्या खिडकीतून ८८० च्या आसपासचेच भाव जाणार असतील आणि मोठीतून ते हजाराच्या वरचे, तर बघा: भाव ९३१ वर ढिम्म राहिला तरी छोटी सरासरी रोज १.०२ ने चढणार आणि मोठी रोज ०.४० ने उतरणार. अंतर आहे ९ चं. सातव्या दिवशी छेद.

पायरीवरचा

भाव जागचा न हलता?

मधलीओळ

जागचा न हलता.

सापशिडी

ठीक. सातव्या दिवशी धागा वर काढतो.